एक वाढ, दोन चमचे

तुम्ही एक शब्द मारलात. माणूस मारला असतात तर निदान पंचनामा झाला असता, चार लोक गोळा झाले असते, कुणीतरी अंगावर चादर टाकली असती. शब्दावर तुम्ही पांढरी पट्टी टाकायला लावलीत आणि चहा मागवलात. मी तुमचं नाव घेत नाही, कारण तुमच्या कागदाखाली सही असते ती कुणाच्या बापाला वाचता येत नाही. पण तुम्ही कोण ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. डब्यात, पाकिटात, बाटलीत भरून जे जे विकलं जातं आणि माणसाच्या पोटात जातं, त्याच्यावर काय छापायचं आणि काय नाही हे तुम्ही ठरवता. ठरवा की. कुणीतरी ठरवलंच पाहिजे, नाहीतर लोक खडूची भुकटी विकतील आणि वर पैलवानाचं चित्र काढतील. त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण माझ्या वहिनीवरून आहे. जिने जन्मभर दुसऱ्यांची लबाडी चमच्याने उकरून बाहेर काढली, तिलाच तुम्ही लबाड ठरवायला निघालात, आणि तेही अशा एका शब्दावरून जो तुमची आई तुम्हाला रोज ऐकवत असणार.

आज मी दुकानात साबण घ्यायला गेलो होतो. साबणाच्या कपाटाशेजारी खाली बुटक्या स्टुलावर दुकानातली मुलगी बसली होती. मांडीवर पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी, पुढ्यात पावडरीचे डबे. एक डबा उचलायची, दातांनी ओठ दाबून पट्टी लावायची, अंगठ्याने घासायची, बाजूला ठेवायची. मन लावून करत होती बिचारी. मी म्हटलं, ‘‘काय झाकताय?’’ ती म्हणाली, ‘‘वरून आलंय.’’ ‘‘वरून म्हणजे कुठून?’’ ‘‘वरून म्हणजे वरून. काहीतरी शब्द चुकलाय म्हणे. तुम्हाला साबण कुठला हवा?’’ मला साबण सुचेना. तो डबा माझा होता. म्हणजे पावडर माझी नव्हे, डब्यावरची अक्षरं माझी. मी लेबलं करतो. अक्षर कसं बसवायचं हे मला कुणी शिकवलं नाही, दुकानांच्या पाट्या बघत बघत शिकलो. त्या डब्यावर मी लिहिलं होतं : ‘एक वाढ : दोन सपाट चमचे, जेवणासोबत.’ त्यातला ‘ढ’ मला नीट बसत नव्हता. त्याचं पोट एकदा फुगायचं, एकदा खपाटीला जायचं. शेवटी बसला तेव्हा वहिनी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली होती, ‘‘शाळेत तुला हेच अक्षर म्हणायचे ना? मग इतका वेळ का लागला?’’ आता त्या मुलीचा अंगठा त्याच्यावरून फिरत होता. माझ्या स्वतःच्या गालावर कुणी पट्टी लावून घासतंय असं वाटलं. खरंच वाटलं, त्वचा ओढली गेल्यासारखं. मी एक डबा घेतला, साबण विसरलो, आणि वहिनीच्या घराकडे चालायला लागलो.

रस्त्यात डबा खिशात मावेना म्हणून हातात धरला होता आणि नख आपोआप पट्टीच्या कोपऱ्याशी जात होतं. पट्टीवर बारीक, किरट्या अक्षरात छापलं होतं, ‘सेवन-मात्रा’. तुमचा मान्य शब्द. मात्रा! ऐकलात का कधी तो शब्द मोठ्याने? मात्रा म्हटलं की खल आठवतो, चाटण आठवतं, तोंड वाकडं करून गिळणं आठवतं. मात्रा लागू पडते. मात्रा चुकली तर अंगावर उठते. आजारी माणसाला मात्रा देतात. आणि ही पावडर आहे दूध, डाळी आणि दाण्यांची, भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जेवणात मिसळायची. अन्न आहे ते. तुम्ही बोलावलंत तेव्हा वहिनी तुमच्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली होती, ‘‘साहेब, औषध देतात, अन्न वाढतात.’’ तुमच्यातल्या एकाने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मी तेव्हा मागच्या खुर्चीत बसलो होतो आणि मला वाटलं होतं, झालं, आता हे उठून तिला नमस्कार करतील. एवढं मोठं वाक्य माझ्यासमोर याआधी कुणी बोललं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘‘मुद्द्यावर या.’’

वहिनी कुठल्याही कंपनीची नोकर नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तेच तुम्हाला खुपतं. खाण्याच्या वस्तू बनवणारे लहानमोठे धंदे तिच्याकडे येतात. बिस्किटवाले, पेयवाले, गोळ्या-पावडरीवाले. काय घालायचं, किती घालायचं, पाकिटावर काय लिहायचं आणि काय लिहायची हिंमत करायची नाही, हे ती सांगते. मजकुराखाली तिची सही असते, आणि तुमच्याकडे नाव नोंदवलेल्या सल्लागाराच्या सहीशिवाय माल गोदामाबाहेर पडत नाही. कचेरी म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. अर्ध्यावर जेवण, अर्ध्यावर नमुने. मध्ये सीमारेषा म्हणून एक लाकडी पट्टी, आणि ती ओलांडणारा एकच घुसखोर, माझा दादा. दादा नमुना आणि नाश्ता यात फरक करत नाही. एकदा कसल्याशा कंपनीचा अख्खा नमुना त्याने दुधात घालून पिऊन टाकला आणि संध्याकाळी वहिनी त्याला विचारत होती, ‘‘पोटात कसं वाटतंय? खरं सांगा, अहवालात लिहायचंय.’’ दादा म्हणाला, ‘‘लिही, नवरा जिवंत आहे, कंपनीचं श्रेय नाही.’’ भिंतीला खिळ्यांवर चमचे टांगलेले. लोकांच्या घरातून मागून आणलेले, कुणाचा खोल, कुणाचा पसरट, कुणाचा दांडा वाकलेला. कारण डब्यावर ‘दोन चमचे’ लिहिणारा आपला चमचा धरून चालतो, आणि खाणारा आपला. वहिनी प्रत्येक चमचा भरून वजनकाट्यावर रिकामा करायची आणि आकड्यांकडे बघून चुकचुकायची, जशी एखादी बाई दुसरीच्या मुलाचा ताप बघून चुकचुकते. म्हणून तर लेबलावर ‘सपाट’ आलं. मी म्हणत होतो, जागा नाही. ती म्हणाली, ‘‘तुझं नाव काढ, सपाट ठेव.’’

तिची चव घेण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी कोरडी पावडर जिभेच्या टोकावर. मग डोळे मिटून टाळूला. मग गार पाण्यात. गरम पाण्यात कधीच नाही, कारण, ती म्हणते, गरम पाणी सगळ्यांची पापं पोटात घालतं. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही. तिचा चेहरा अशा वेळी इतका शांत आणि इतका एकटा होतो की मला लहानपणी विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं, खाली कुठेतरी काहीतरी चाललंय आणि आपल्याला फक्त अंधार दिसतोय. मग डोळे उघडून ती एकच शब्द बोलते. ‘‘जळकं.’’ किंवा ‘‘शिळं.’’ किंवा ‘‘चोर.’’ चोर म्हणजे काय ते मला तिनेच समजावलं. पावडरीत प्रथिनं किती हे मोजताना प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशोब करतात. काही लोक स्वस्तातलं एखादं सुटं अमिनो आम्ल ओततात. नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रथिनं फुगतात, माणूस मात्र तसाच राहतो. त्यातलं एक जिभेला किंचित गोड लागतं, साखर नसताना गोड. ती त्या गोडाला चोर म्हणते. जीभ फक्त संशय घेते, मग ती सविस्तर तपासणी मागवते, आणि मालकाला टेबलापाशी बसवून पाण्याचा पेला पुढे करते आणि विचारते, ‘‘हे तुम्ही स्वतःच्या आईला द्याल?’’ पुष्कळ मालक त्या टेबलावरून उठून गेले. काही परत आले. जे परत आले त्यांना ती कधीच टोमणा मारत नाही, आणि मला विचाराल तर मला तिचं हेच सगळ्यात अवघड वाटतं. मी असतो तर मारलाच असता.

आणि आता आईचं सांगतो, कारण तुम्ही ते ऐकून घेतलं नाहीत. आमची आई तेव्हा दादाकडेच राहायला आलेली. कुणीतरी पाहुण्याने तिला एक डबा आणून दिला, दुसऱ्याच कंपनीचा, त्याच्यावर तुमचा लाडका शब्द : सेवन-मात्रा, दिवसातून दोनदा. आई डबा देवाच्या वस्तूसारखा कपाटात वर ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून घ्यायची आणि ताटावर बसली की दोन घास खाऊन ताट सारायची. ‘‘औषध घेतलंय रे, त्याच्यावर भरपेट खाऊ नये.’’ आम्ही म्हणायचो, वय झालं. सगळे हेच म्हणतात, वय झालं म्हणणं सोपं असतं. मग ती वाळत गेली आणि तिची कवळी सैल झाली. बोलताना टकटक वाजायला लागली, हसताना ती हाताने तोंड धरायची, आणि आमची आई हसताना तोंड धरणारी बाई नव्हती, ती हसली की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. मला तो आवाज आठवतो. टक. टक. रिकाम्या घरात कुणीतरी दार लावून बघतंय तसा. डॉक्टरांनी तपासलं, रोग सापडला नाही. सापडणार कसा? रोग कपाटात वर ठेवला होता. तो वहिनीला सापडला. तिने एके दुपारी आईचं सारलेलं ताट बघितलं, मग वर कपाटाकडे बघितलं, मग खुर्चीवर चढून डबा काढला आणि उभ्याउभ्याच लेबल वाचलं. तिचा चेहरा मी पाहिला. रागावली नाही. तिने सूपच्या पातेल्यात तीच पावडर ढवळली, पळी घेतली, आईच्या पुढ्यात वाडगा ठेवला. आई म्हणाली, ‘‘अगं, माझं औषध झालंय सकाळीच.’’ वहिनी म्हणाली, ‘‘हे औषध नाही आई, हे वाढलंय.’’ आई तिच्याकडे बघत राहिली. वाढलंय म्हटल्यावर नाही म्हणायची तिची पद्धत नाही. वाढलेलं टाकायचं नाही हे तिच्या हाडात आहे. वाडगा संपला. वहिनी पळी वर धरून म्हणाली, ‘‘दुसरी वाढ?’’ आमच्या घरी असंच म्हणतात. पहिली वाढ, दुसरी वाढ, आणि दादासाठी अमर्याद वाढ. आई म्हणाली, ‘‘घाल थोडं. तू घालतेस म्हणून हं.’’ मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि मला उगाच नळ सोडावासा वाटला. पुढे हळूहळू ती टकटक थांबली. शेजारचं कुत्रं परत भुंकायला लागलं.

म्हणून पावडरशेठ जेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी नवी पावडर घेऊन आला तेव्हा वहिनीने लेबलावर ‘एक वाढ’ लिहिलं. पावडरशेठ हे आम्ही ठेवलेलं नाव, माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे आणि घाबरला की सगळ्यांना ताई म्हणतो. शंका मीच काढली होती. मी म्हटलं, ‘‘वहिनी, वाढ म्हणजे लोकांना वाटेल उंची वाढते.’’ ती माझ्याकडे असं बघायला लागली की मीच लेबल झालो. ‘‘अक्षरशत्रू,’’ ती म्हणाली, ‘‘डब्यावर पांढऱ्या केसांचा म्हातारा तूच काढलायस ना? त्याची उंची वाढेल असं कोण म्हणेल?’’ मला हसू आलं. मलाही वाटलं, कोण म्हणेल? तुम्ही म्हणालात. तुम्ही चक्क टंकलेखन करून म्हणालात, ‘शारीरिक वाढीसंबंधीच्या दाव्याचा पुरावा सादर करावा.’ आम्ही तुमच्याकडे आलो, वहिनी, मी आणि आई, कारण आई म्हणाली मीही येते, माझ्यावरून सुरू झालंय. तुम्ही विचारलंत, ‘‘वाढीचा पुरावा आणलाय?’’ वहिनी म्हणाली, ‘‘सासूबाई बाहेर बाकावर बसल्यात. मोजून घ्या.’’ तुमच्या शिपायाला हसू फुटलं, त्याने खोकल्यात लपवलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, भाषेचा प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही. ती म्हणाली, मग शब्दावरून मला का बोलावलंत? तुम्ही म्हणालात, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, ‘‘शब्द आमच्या कक्षेत येतो. भाषा येत नाही.’’ मग तुमचा आवाज गोड झाला, साखर नसताना गोड. बाई, तुमचं काम चांगलं आहे, आम्हालाही आदर आहे, एवढंच लिहून द्या की शब्द अनवधानाने पडला, मान्य शब्द घाला, विषय संपला. मला माहीत होतं की त्या ओळीवर तिची सही अडकली आहे, टेबलाचा तो अर्धा भाग अडकला आहे, तिने कुणाचीही नोकरी न करता उभं केलेलं सगळंच. मी मनात म्हणत होतो, दे लिहून वहिनी, एका ओळीने काय होतंय. ती म्हणाली, ‘‘अनवधान नव्हतं साहेब. अवधान होतं. पूर्ण.’’ तुम्ही टोपण लावलंत. ‘‘ठीक आहे. निर्णय होईपर्यंत तुमची सही स्थगित. कळवू.’’

हे सगळं डोक्यात घेऊन जिना चढलो तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून पावडरशेठचा आवाज येत होता. टेबलाच्या नमुन्याच्या बाजूला एकच पुडी, बाकी लाकूड. लाकूड इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यावर डागांचे गोल होते, बरण्या उठून गेल्याचे. पावडरशेठ खुर्चीच्या कडेवर बसून म्हणत होता, ‘‘ताई, तुम्ही मला बहिणीसारख्या. पट्ट्या लावल्या नसत्या तर माल गोदामात कुजला असता. पण हे नवीन आहे, लहान मुलांसाठी. काम तुम्ही करा, सगळं तुमच्या पद्धतीने. सही दुसऱ्याची घेऊ. तो काही वाचत नाही, डोळे मिटून करतो.’’ दादा आतून म्हणाला, ‘‘डोळे मिटून तर हीसुद्धा करते, पण तोंड उघडून.’’ वहिनीने पुडीकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले. मग एक सुटला आणि पुडीकडे गेला, पाळलेल्या जनावरासारखा, तिला न विचारता. कोरडी, जिभेच्या टोकावर. डोळे मिटले. मी दारातच थांबलो. पावडरशेठही श्वास धरून बसला. ‘‘गार पाणी,’’ ती म्हणाली. मी आणून दिलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘चोर आहे यात. कच्चा माल देणाऱ्याने तुम्हाला फसवलंय शेठ. सविस्तर तपासणी करून घ्या. मुलांना हे देऊ नका.’’ पावडरशेठचा चेहरा पडला, मग उजळला, मग त्याला काय करावं कळेना. ‘‘म्हणजे काम घेताय ना ताई?’’ ‘‘नाही.’’ ‘‘अहो, आत्ताच तर...’’ ‘‘हे काम नव्हतं. हे कळलं, म्हणून सांगितलं. कळलेलं पोटात ठेवून मला झोप येत नाही. बाकी काम माझं तर सही माझी. दुसऱ्याच्या नावाखाली मी मीठसुद्धा मोजणार नाही.’’

पावडरशेठ गेला. जाताना दारात त्याने चपला घातल्या, काढल्या, परत आत येऊन तिच्या पाया पडला आणि परत चपला घातल्या. मी हातातला डबा टेबलावर ठेवला. पट्टीचा कोपरा माझ्या नखाने केव्हाच सुटला होता. वहिनीने तो पाहिला, बोट ठेवून परत खाली दाबला. मी म्हटलं, ‘‘काय करतेस? फाड की!’’ ती म्हणाली, ‘‘दुकानातल्या पोरीने नीट लावलीय. तिचं काम का बिघडवतोस? फाडायची ज्यांनी लावायला सांगितली त्यांनी.’’ मला इतका राग आला की डोळ्यांसमोर टेबल हललं. तिच्यावर नाही. म्हणजे तिच्यावरही. असं सरळ राहून कुणी जगतं का? आणि त्याच क्षणी मला वाटलं, मी एवढी अक्षरं काढली, सरळ रेषा म्हणजे काय ते मला आज दिसतंय. ती उठली, पुडी नीट दुमडली, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, डागांच्या गोलांवरून हळू, जणू त्या जागा राखून ठेवायच्या आहेत. म्हणाली, ‘‘चेहरा बघ. साबण आणायला गेलास आणि डबा घेऊन आलास. बस, खाऊन जा.’’

आतून आई आली, भिंतीला हात लावत. आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, ‘‘आला का निरोप? काय म्हणाले ते लोक?’’ वहिनी पाठमोरी होती. तिचं फडकं थांबलं. मला आईला सांगायचं होतं की ‘नाही’ म्हणाले. ‘नाही’ म्हणाले असते तर बरं झालं असतं, ‘नाही’वर तुमच्या वरच्याकडे दाद मागता येते, वकील गाठता येतो, चार लोकांत ओरडता येतं. ‘कळवू’वर कुठे दाद मागायची? तुम्ही तिला दोषी म्हणत नाही, म्हणून ती निर्दोष सिद्ध होऊ शकत नाही. काढून टाकत नाही, म्हणून ती परत येऊ शकत नाही. हात न लावता माणसाला विझवायची ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली ते मला माहीत नाही, पण ती तुम्हाला छान जमते. मी आईला म्हटलं, ‘‘अजून काही नाही म्हणाले.’’ आई म्हणाली, ‘‘अरे, असं कसं? एवढी शिकलेली माणसं, त्यांना हो-नाही बोलता येत नाही?’’

मलाही तेच विचारायचंय. ती चुकली असेल तर चुकली म्हणा, तिचं नाव कापा, खाली वाचता येईल अशी सही करा. ती बरोबर असेल तर तसं म्हणा. लाज वाटत असेल तर हळू म्हणा, आम्हाला चालेल. पण आमची म्हातारी जेवायला बसायच्या आधी रोज विचारते, आणि त्या वेळी वहिनी रोज पाठ वळवते. मला दुसरं काही नको. हो की नाही? बोला.